बोरं सगळी माझ्या पिशवीत

—नाही हो, देवबीव काही नाही, साधा पोरगाच आहे. तुम्ही त्या मघाच्या बाईसारखं पाया पडू नका म्हणजे झालं. खरंच पडली, गेटजवळ, एक गुजराती म्हातारी — ह्याचा मुकुट बघितला, गळ्यातला हार बघितला, आणि वाकलीच की. तिला वाटलं बाळकृष्णच उतरला होडीतून. आणि तो तिकिटं फाडणारा मला म्हणतो, मावशी, पोराला प्रोग्रामसाठी आणलंय काय, कलाकारांचं गेट मागच्या बाजूला आहे. म्हटलं, प्रोग्रामच आहे बाबा, पण आमचा खाजगी. — बसा ना, बसा, बाक काय माझ्या नावावर नाही. पिशवी सरकवते तेवढी — हां, जड आहे. निन्या, हार नाही खायचा राजा, आधी ती हातातली वाकी संपव. — खाऊ दे हो, साखरच आहे. हलवा. हलव्याचे दागिने. काळं मखमलीचं झबलं, डोक्यावर मुकुट, हातात वाक्या, कमरेला साखळी, सगळं हलव्याचं. तुमच्याकडे करतात ना बोरन्हाण, संक्रांत झाली की? पोराला असं नटवायचं, पाटावर बसवायचं, सवाष्णींनी ओवाळायचं, मग डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभरे, उसाचे तुकडे ओतायचे आणि आजूबाजूच्या पोरांनी ते लुटायचे — तेच. आज ह्याचं बोरन्हाण आहे. दिवेलागणीला. बोरिवलीला.

हो, बोरिवलीला. आणि आम्ही इथे, खाडीच्या ह्या अंगाला, गंमतनगरीत. बरोबर ऐकलंत तुम्ही.

तुमची मुलगी कुठे गेली — त्या मोठ्या पाळण्यात? बाबांबरोबर? मग बसा निवांत, तो पाळणा पुरा भरल्याशिवाय हलवत नाहीत, मी बघितलं. मला एक सांगा, तुम्ही सकाळपासून आलाय, तुम्हाला इथलं माहीत झालं असेल — ती झुकझुक गाडी संध्याकाळपर्यंत चालते ना? आणि ती रंगीत कारंजी अंधार पडल्यावरच लावतात ना? कारण मला संध्याकाळ नीट लावून घ्यायचीय. उगाच हुंदडायला नाही आले मी. ह्याच्या मानाने बघितलं तर इथे करण्यासारखं फार नाहीच — तो लाकडी विदूषक उभा केलाय ना हात पुढे करून, त्याच्या हाताला डोकं लागलं तरच पोराला आत सोडतात, आणि आमचा निन्या येतो विदूषकाच्या गुडघ्याला. म्हणजे तो पाळणा नाही, ते उलटंपालटं करून पोटातलं बाहेर काढणारं नाही, भुताचं घर तर नाहीच, ते घरी आहे आमच्या. राहिलं काय? गाडी, लाकडी घोडे, हंसाची होडी आणि कारंजी. पुरे आहे. मला हिशेबात तेवढंच पाहिजे.

ऐका, कसं ठरवलंय ते. आधी गाडी. आम्ही गाडीत बसलो की तिकडे व्हिडिओवाला येईल — हो, व्हिडिओ काढणार आहेत, बँकेतल्या कुणाच्या तरी मुंजीत काढला म्हणून आमच्याकडे पण पाहिजेच — तर तो येऊन स्टुलावर चढून दिवे लावील, सगळ्या भिंती पांढऱ्याफटक होतील, आणि विचारील, बाळ कुठाय? शुभा म्हणेल, देवळात गेलंय, येईलच एवढ्यात. मग आम्ही घोड्यांवर. घोड्यावर एका फेरीत ह्याचं भागायचं नाही, रडेल, म्हणजे दोन फेऱ्या धराच. तोवर बँकेतल्या बायका येतील, नव्या साड्या नेसून, शुभा तबक घेऊन हसत हसत सगळ्यांमधून फिरेल, आणि हसता हसताच गॅलरीत जाऊन खाली वाकून बघेल. कोणी बघत नाहीसं बघून बघेल. मग हंसाची होडी. आम्ही होडीत, की तिकडे सहदेव चपला पायात सरकवून देवळाकडे. पुजारी म्हणेल, त्या तर दुपारीच नमस्कार करून गेल्या, रिक्षात बसताना दिसल्या. मग तो धावत घरी येईल आणि दारातच शुभाच्या कानात सांगेल, आणि सगळ्या बायका एकमेकींकडे बघतील. आणि कारंजी लागतील — कारंजी लागतील त्या वेळेला काय होईल, ते नुसतं डोळ्यापुढे आणलं तरी मला जेवल्यासारखं वाटतं.

शुभा कोण? ह्याची आई. — हां, मी मघापासून आमचा निन्या, आमचा निन्या म्हणतेय, म्हणून तुम्हाला वाटलं पोरगा माझा. माझाच आहे. जन्म दिला तिने. शुभा म्हणजे माझी धाकटी जाऊ, सहदेव माझा दीर, मी मोठी. जन्म दिला, बारशाला नटली, रजा संपली, आणि बँकेत गेली. पुढे कोणी केलं? रात्री दूध कोणी पाजलं, बाटली उकळली कोणी, गोवर आला तेव्हा लिंबाचा पाला घेऊन कोण बसलं, पहिलं पाऊल टाकलं ते कुणाकडे? माझ्याकडे. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून, हात पुढे करून, माझ्याकडे. शुभा आली संध्याकाळी, म्हटलं, चालला आज. तर म्हणते, अय्या, मला दाखव ना. तो काय सिनेमा आहे पुन्हा लावायला? — निन्या, ये इकडे, नाक पूस. बघा, कोणाच्या पदराला नाक पुसतो ते बघा.

आता ह्याचं बोरन्हाण खरं मागच्या वर्षीच व्हायचं. पण आमच्या घरात मागच्या वर्षी सण नव्हते. ह्याचे काका गेले. जयवंत — नाव घेते आता, पूर्वी नव्हते घेत, आता कशाला लाजायचं. कावीळ झाली, गिरणी बंद झाल्यापासून वॉचमनकी करत होते, मिळेल ते पाणी प्यायचे, ती कावीळ काही मागे हटली नाही. मग वर्षभर घरात काही करायचं नाही, रीत आहे, केलं नाही. मी म्हटलं होतं सासूला, पोराचं तेवढं करून घेऊ, त्याचं काय चुकलं. पण नाही. आणि आता वर्ष सरलं, तर ह्याचं करायचं ठरलं, मलाच आनंद झाला. हो, मलाच सगळ्यांत जास्त. तुम्ही माझ्या कपाळाकडे बघितलंत ना मघाशी बसताना — बघितलंत, मला कळलं, सगळेच बघतात, त्यात काय.

हे दागिने मी केलेत. विकतचे नाहीत. तुम्हाला माहीत आहे हलवा कसा करतात? परातीत तीळ घ्यायचे, खसखस घ्यायची, साबुदाणा घ्यायचा, खाली मंद निखारे, आणि साखरेचा पाक चमचाभर, नुसता ओलावा लागेल एवढा, वरून सोडायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं. फिरवत राहायचं. थांबलात की गोळा झाला. मग वाळला की परत पाक, परत फिरवणं. बोटं भाजतात, बघा ना, ही बघा, अजून कातडी सोलवटलेली आहे. गॅसवर नाही जमत, शेगडीच लागते, म्हणून मी शेगडी जिन्याखाली नेऊन बसायचे पहाटे, कारण ऊन चढलं, हवेत दमटपणा आला की काटा येत नाही. आणि हलव्याला काटा आला नाही तर तो हलवा कसला, नुसत्या गोळ्या. सगळी थंडी मी त्या जिन्याखाली काढली. वरच्या मजल्यावरची प्रेमा म्हणायची, मालनताई, कशाला जिवाला त्रास, दादरला तयार मिळतात. म्हटलं, आमच्या निन्याला तयार नको.

आणि शुभा परवा फोनवर — शेजारच्यांकडे फोन आहे, मी दूध आणायला तिथून जात होते — बँकेतल्या मैत्रिणीला सांगतेय, अगं, दागिने ना, दादरहून आणले, खास ऑर्डर देऊन. मी दारात उभी, हातात दुधाची किटली. तिने मला बघितलं, आणि बोलत राहिली. थांबली सुद्धा नाही. मी म्हटलं जाऊ दे, मोठेपणा मिरवायचा असेल तिला, मिरवू दे. ते मी गिळलं. खरंच गिळलं, काही बोलले नाही, विचारा कोणालाही.

पण आज दुपारी. पोराला न्हाऊमाखू घातलं, झबलं चढवलं, एकेक दागिना बांधला, दोरा तुटू नये म्हणून जीव मुठीत धरून बांधला, आणि हा असा बसला होता शहाण्यासारखा, जसा काय त्याला कळतंय. मी म्हटलं शुभाला, पहिली ओंजळ मी घालीन हं. सहज म्हटलं. शुभाने सासूकडे बघितलं, सासू म्हणजे सोनूबाई, कणकवलीकडची, अजून गावचंच बोलते — ती म्हणाली, "मालन, तू वायच बाजूक रव गो. दिस चांगलो आसा." एवढंच. चुळबूळ नाही, काही नाही, जसं काय मीठ दे म्हणाली. आणि शुभा, शिकलेली, बँकेतली, वर्तमानपत्र वाचणारी, ती काय म्हणते, तर "वहिनी, तुम्ही किचनमधलं बघाल ना? नाही म्हणजे, व्हिडिओत उगाच..." उगाच काय? पुढे बोललीच नाही. उगाच पांढरं कपाळ दिसेल. बोल ना मग. सासू जुनी, अडाणी, तिचं मी समजू शकते. हिला काय धाड भरली होती?

आणि तेवढ्यावर असतं तरी मी गप्प बसले असते. सवय आहे मला गप्प बसायची. पण नाही — शुभाची आई आत येऊन उभी, द्रौपदीबाई. सामान घेऊन आलीय. पेटी, वळकटी सगळं. मी म्हटलं, राहणार का आठ दिवस? तर शुभाच म्हणाली, त्यांच्याऐवजी, की वहिनी, आई आता इथेच राहील, निन्याला सांभाळायला, तुम्ही पण किती दिवस करणार, तुम्हाला जरा विश्रांती मिळेल, गावचं घर बंद पडलंय, सहदेव सोडून येतील तुम्हाला येत्या आठवड्यात. बोलताना हिचे हात काय करत होते सांगू? वाटीत हरभरे निवडत होते. मी स्वच्छ निवडून ठेवलेले हरभरे परत निवडत होती. मला गावाला पाठवते. मला. जिने तिच्या पोराला चालायला शिकवलं, तिला बोरन्हाणाच्या दिवशी, त्याच्या अंगावर माझे दागिने असताना, सांगते विश्रांती घ्या.

मग मी काय केलं? मी हसले. हो म्हटलं. म्हटलं, बरोबर आहे गं तुझं. मग म्हटलं, आधी पोराला देवळात नमस्कार करून आणते, मग बसवू पाटावर, रीत आहे ना — सासू म्हणाली, "आण, आण." आणि पिशवी? पिशवी त्याच हसऱ्या तोंडाने उचलली. ही. बोरं, चुरमुरे, हरभरे, गोळ्या, उसाचे करवे, सगळं मीच आणलेलं, मीच धुतलेलं, मीच ह्या पिशवीत एकत्र करून ठेवलेलं. एक बोर ठेवलं नाही घरात. तिथे आता पाट आहे, रांगोळी आहे, व्हिडिओ आहे, तीळगूळ आहे, सवाष्णी आहेत पाच — आणि ज्याच्यासाठी हे सगळं, ते काही नाही. देवळातून रिक्षा, रिक्षातून मार्वे, मार्व्याहून होडी. होडीत ह्याने इतक्या टाळ्या वाजवल्या ना, की कमरेची साखळी तुटली. तुटू दे. आहे माझ्याकडे दोरा.

बाजारातून बोरं आणतील म्हणता? आणू देत. बोरिवलीच्या बाजारात बोरांना काय तोटा? पण दादरहून खास ऑर्डर देऊन आणलेले दागिने आता कुठून आणणार? बँकेतल्या बायका दागिने बघायलाच येणार होत्या. बघा म्हणावं, तोंड बघा एकमेकींची.

तुम्ही त्या गार्डकडे कशाला बघताय? — बघितलंत. पळवलेला नाही पोरगा. घरचा आहे. विचारा त्यालाच, निन्या, मी कोण रे? सांग ह्यांना. — ताकू म्हणाला, ऐकलंत ना? काकू म्हणता येत नाही त्याला. पळवून आणलेलं पोर असं मांडीवर चढून बसतं का? आणि नेणार नाही का मी परत? नेणारच की. शेवटच्या होडीने नेणार, झोपलेलं खांद्यावर टाकून, घरात शिरणार, कोणाशी बोलणार नाही, गादीवर ठेवणार आणि सकाळी माझी पिशवी भरणार. त्यांनी सोडायला यायची गरज नाही, मला एस.टी. स्टँड माहीत आहे. पण आजची संध्याकाळ माझी. ह्या एका संध्याकाळीत मी तिची अशी वाट लावते ना, की पुढे ह्याच्या मुंजीला, ह्याच्या लग्नाला, दरवेळी तिला आठवेल. पाहुण्यांसमोर. म्हणतील, अगं, त्या वेळी बोरन्हाण नाही का राहिलं, तो पोरगाच नव्हता. जन्मभर म्हणतील. मला गावच्या घरात चुलीपुढे बसल्या बसल्या पुरेल तेवढं.

रडत असेल? कोण, शुभा? रडू दे. मी रडले तेव्हा कोणी विचारलं? मी न्हाणीघरात नळ सोडून रडायचे, सासू बाहेरून म्हणायची पाणी जातंय. आता तिलाही कळू दे, दारात उभं राहून वाट बघणं काय असतं. आधी राग येईल तिला. मग भीती. मग ती सहदेवला म्हणेल, तुमच्या वहिनीने — तुमच्या, हं, तेव्हा तुमच्या — आणि मग बँकेतल्या बायका निघतील एकेक करून, तीळगूळ घेऊन, आणि जिना उतरताना बोलायला लागतील. पहिल्या मजल्यापर्यंत थांबतील, मग बोलतील. तो व्हिडिओवाला दिवे विझवील. आणि ती त्या पाटापुढे बसेल. रिकाम्या पाटापुढे. बसू दे.

नाही, फोन नाही करायचा. गेटवर फोन आहे मला माहितीय, येताना बघितला. तुम्ही करणार म्हणता? कशाला? तुम्ही कोण त्यांच्या? तुम्ही मघापासून माझ्याशी बोलताय, च्च च्च करताय, माझ्या बोटांकडे बघून डोळ्यांत पाणी आणलंत, आणि आता फोन. बायका सगळ्या सारख्याच. — नाही, रागावले नाही. बसा. बसा म्हणते ना. तुमची मुलगी येतेय बघा पाळण्यातून उतरून, काय नाव हिचं? मीरा? ये गं मीरा. हा बघ, निन्या. हात नको लावू मुकुटाला, चिकट आहे. हां, थोडा हलवा घे. घे गं, आई काही बोलत नाही.

बरं, आता मीरा आलीच आहे तर सांगतेच तुम्हाला. कारंज्यांच्या आधी अजून एक गोष्ट आहे. ती मी मघाशी बोलले नाही. बोरन्हाण होणार आहे. इथे. बोरिवलीला नाही होणार, इथे होणार, माझ्या हातून. त्यासाठीच पिशवी आणली, नाहीतर एवढं ओझं कशाला वागवू? त्या गवतावर माझी शाल अंथरणार, ह्याला मधे बसवणार, आणि पोरं काय, इथे गाडीच्या रांगेत ढिगाने आहेत, हाक मारली की येतील. निरांजन नाही, वाऱ्यात टिकलं नसतं. नसू दे. आणि पहिली ओंजळ माझी. पांढऱ्या कपाळाची. बघूच काय होतं. आकाश कोसळतं की समुद्र आत येतो, बघूच. आणि घरी गेल्यावर सांगणार शुभाला, चारचौघांत सांगणार, की झालं त्याचं बोरन्हाण, मी केलं, तुझ्या त्या पाच सवाष्णींची मला गरज पडली नाही. तेव्हा तिचं तोंड मला बघायचंय. देवाशपथ, त्या तोंडासाठी मी खाडी ओलांडलीय.

चला, ऊन कललंच आहे. मीरा, धर गं ही शाल त्या टोकाला. — ए पोरांनो, या इकडे, बोरं पाहिजेत? या, या सगळी. गोल करा. ढकलू नका रे, लहान आहे तो. तू, लाल टोपीवाल्या, खाली बस. अजून घ्यायचं नाही काही, मी ओतल्यावर घ्यायचं, काय? निन्या, बस राजा. बस असा. मुकुट सरळ — हां. बघा कसा बसलाय. असाच बसला होता दुपारी. डोळे बघा त्याचे, सगळ्यांकडे बघतोय. ही वाटी. बोरं आधी, मग चुरमुरे, म्हणजे डोक्याला लागत नाही. बोरं बारीकच घेतलीत मी, मुद्दाम वेचून. थांबा रे, ओतते. ओतते म्हटलं ना.

ताई. तुम्ही जरा येता का इकडे?

नाही, काही नाही, शाल धरायला नाही, शाल धरलीय मीराने. ही वाटी धरा. धरा ना. तुम्ही घाला. — हो, मीच म्हणाले होते, मला माहीत आहे मी काय म्हणाले. पण तुम्ही घाला पहिली. तुमचं कपाळ भरलेलं आहे, हातात हिरव्या बांगड्या आहेत, तुम्ही घाला. — माझाच हक्क आहे, मीच घालावी, हे मला सांगू नका. तुम्हाला काय जातंय सांगायला? तुमचा नवरा तिथे भेळ घेतोय. मला कोणी शिकवू नका काय खरं नि काय खोटं, मला सगळं समजतं, मी पण शाळेत गेलेय. — मागच्या पावसाळ्यात ह्याला आकडी आली होती. ताप चढला, डोळे वर गेले, ओठ निळे पडले, दात असे घट्ट. माझ्या मांडीवर. शुभाच्या नाही, सासूच्या नाही, माझ्या. डॉक्टर म्हणाला तापामुळे होतं, पोरांना होतं, घाबरू नका. डॉक्टर ह्यांच्या वेळेला पण म्हणाला होता घाबरू नका. द्रौपदीबाई तेव्हा भेटायला आली होती, ती दारातच शुभाला म्हणाली, हिच्या मांडीवर नका देऊ गं सारखा. मी ऐकलं. मी त्या रात्रीपासून ह्याला मांडीवर घेताना आधी मनात देवाचं नाव घेते, रोज, दरवेळी, आत्ता बाकावर घेतला तेव्हा सुद्धा घेतलं. तुम्हाला काय कळणार.

नाही. मी नाही घालणार. दुसऱ्या कोणाच्या पोराच्या डोक्यावर घातली असती, शुभाच्या डोक्यावर टोपलंभर ओतली असती. ह्याच्या नाही.

घाला हो ताई, पोरं ताटकळलीत, हा पण रडकुंडीला आलाय. आधी तुमच्या कुंकवाचं बोट त्याच्या कपाळाला लावा. मग ओता, हळू, डोळ्यांवर हात धरा त्याच्या. मी बाजूला होते. तिकडे होते, त्या कुंपणाशी. माझी सावली पडते इथे.

झालं? — लुटली का सगळी पोरांनी? हसला? — हसला ना? बरं.

मग आता तो फोन करा तुम्ही. शेजारच्यांचा नंबर आहे, पोराच्या झबल्याला आतून शिवलाय मी, हरवला तर असावा म्हणून. त्यांना सांगा शुभाला बोलवा. आणि तिला म्हणावं, पोरगा सुखरूप आहे, शेवटच्या होडीने येईल. आणि म्हणावं, बोरन्हाण झालं. सवाष्णीच्या हातून झालं. मालनने हात लावला नाही, ती लांब उभी होती. हे नीट सांगा, नाहीतर ती जन्मभर घोर लावून घेईल. जा आता. जा म्हणते ना.